एक कपाट, सगळ्यांना किल्ली: डहाणू-तलासरीतल्या घरात फाइल सर्व्हर कसा लावायचा

आजचा भाग नुसता ऐकायचा नाही, करून बघायचा आहे. घरात एखादा जुना लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर धूळ खात पडला असेल, तर तो पुसून पुढ्यात घ्या. ऐकताना सेटिंगची नावं निसटतात, म्हणून सगळं इथे लिहूनही दिलंय. रेंज नसेल तेव्हा वाचा, रेंज असेल तेव्हा ऐका.

विषय आहे घरातला फाइल सर्व्हर. नाव मोठं आहे, पण गोष्ट साधी आहे. आपल्या घरात फायली ठेवायचं एक सामाईक कपाट करायचं. ते विंडोजवाल्याला उघडता आलं पाहिजे, लिनक्सवाल्याला आलं पाहिजे, मॅकवाल्याला आलं पाहिजे, आणि तुमच्या हातातल्या मोबाईलवरूनही उघडलं पाहिजे.

आधी घर बघू

समजा, तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरचं घर आहे. बाबांकडे जुना विंडोज १० चा कॉम्प्युटर. ताई कॉलेजला आहे, तिच्या लॅपटॉपवर विंडोज फारच रखडायला लागलं म्हणून कुणीतरी लिनक्स टाकून दिलंय. दादा वापीला कंपनीत कामाला, त्याच्याकडे अँड्रॉइड. आईकडे दादाचा जुना अँड्रॉइड. आणि डहाणूला मावशीचा मुलगा आहे, तो डिझाईनची कामं करतो, त्याने सेकंडहँड मॅकबुक घेतलंय. शनिवार-रविवार तो इकडे येतो.

आता या घरात वारली चित्रं काढतात. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागद-कापडावर आणली, जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. आज आपल्या भागातली कितीतरी तरुण मुलं-मुली हेच काम करतात आणि ऑर्डर घेतात ती व्हॉट्सअॅपवर. चित्र विकलं की ते घरातून गेलं. मागे काय राहतं? त्याचा फोटो. उद्या कुणी तुमचीच नक्षी उचलून टी-शर्टवर छापली, तर ‘हे आधी मी काढलंय’ असं दाखवायला तोच फोटो हातात असतो. आणि तो फोटो आहे कुठे? मोबाईलमध्ये. मोबाईल भरला की ‘जागा नाही’ असा मेसेज येतो आणि आपण जुनं उडवायला बसतो. व्हॉट्सअॅपवर पाठवलाय ना, असं म्हणाल, तर तिथे तो दाबून लहान होऊन जातो. मूळ फोटोतली बारीक रेघ त्यात राहत नाही, आणि वारलीत तर सगळा जीव रेघेतच असतो.

फोटोंशिवाय कागद आहेत. सातबारा, वनहक्क दाव्याची कागदं, आजोबांचा शाळेचा दाखला. जात पडताळणीला १९५० च्या आधीचे पुरावे मागतात, तेव्हा हा एक दाखला शोधायला अख्खं घर पालथं घातलं जातं. त्याचा स्कॅन ताईच्या लॅपटॉपमध्ये, ताई हॉस्टेलवर, आणि अर्जाची मुदत उद्या संपतेय. असं होतं ना?

म्हणून कपाट. एकच जागा, जिथे मूळ फाइल असते आणि घरातल्या सगळ्यांना ती माहीत असते.

इंटरनेट लागतं का?

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे, म्हणून हे आधीच सांगतो. घरातल्या सर्व्हरला इंटरनेट लागत नाही.

तुमच्या घरात वायफायचा राऊटर आहे. मोबाईल, लॅपटॉप, सर्व्हर हे सगळे त्या राऊटरला जोडलेले. मोबाईलवरून सर्व्हरला फोटो पाठवला, तर तो राऊटरपर्यंत जातो आणि तिथून सर्व्हरकडे वळतो. घराबाहेर पडतच नाही. टॉवर बंद असो, फायबर तुटलेली असो, रिचार्ज संपलेला असो, काही फरक पडत नाही. डेटा पॅकमधला एक एमबीसुद्धा कापला जात नाही. ज्या पाड्यांवर रेंज पकडायला टेकाडावर जावं लागतं, तिथे हे जास्त कामाचं आहे. सुरुवातीला सॉफ्टवेअर उतरवायला आणि मधूनमधून अपडेट करायला तेवढं नेट लागेल. ते काम डहाणूला किंवा तलासरी बाजारात बसून उरकता येतं.

वेगवेगळ्या सिस्टीम एकमेकांशी बोलतात कशा?

पेनड्राइव्हचा अनुभव सगळ्यांना आहे. एका मशीनवर चालतो, दुसऱ्यावर ‘फॉरमॅट करा’ म्हणतो. मोठा व्हिडिओ टाकायला गेलं तर जागा असूनही बसत नाही, कारण जुन्या फॅट-३२ पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही. विंडोजची पद्धत एनटीएफएस, लिनक्सची एक्स्ट-४, अॅपलची एपीएफएस. प्रत्येकाने डिस्कवर लिहायची आपली आपली लिपी केलीय म्हणा ना.

सर्व्हरवर हा घोळ राहत नाही. का? कारण तुमचा मोबाईल किंवा मॅक ती डिस्क वाचतच नाही. डिस्क वाचतो सर्व्हर. किराणा दुकानात आपण आत जाऊन पोती उघडत नाही, गल्ल्यापाशी उभं राहून सांगतो आणि दुकानदार आणून देतो. आत त्याने माल कसा लावलाय त्याच्याशी आपल्याला घेणंदेणं नाही. फक्त दुकानदाराची आणि आपली भाषा एक पाहिजे.

त्या भाषेचं नाव एसएमबी. १९८० च्या दशकात आयबीएममध्ये ती तयार झाली, मग मायक्रोसॉफ्टने ती उचलली आणि विंडोजमध्ये घातली. बरीच वर्षं ती विंडोजवाल्यांचीच बोली होती.

मग १९९१-९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या विद्यापीठात अँड्र्यू ट्रिजेल नावाचा एक विद्यार्थी पीएचडी करत होता. त्याला आपला डॉसचा पीसी युनिक्सच्या मशीनला जोडायचा होता. भाषेचं व्याकरण कुणी छापून दिलेलं नव्हतं. त्याने काय केलं, दोन मशीन एकमेकांशी बोलताना तारेवरून काय जातंय ते बघत बसला. हा असं म्हणाला की तो असं उत्तर देतो, हे टिपत गेला. परक्या गावात गेल्यावर आपण हॉटेलात बसून आजूबाजूचं ऐकून भाषा शिकतो, अगदी तसंच. त्यातून त्याने युनिक्सवर चालणारा सर्व्हर लिहिला आणि सगळ्यांना फुकट देऊन टाकला. नाव काय ठेवायचं? त्याने कॉम्प्युटरला शब्दकोशातले असे शब्द शोधायला लावले ज्यात एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने येतात. त्यात निघालं ‘सांबा’.

आज बाजारात मिळणाऱ्या नेटवर्क स्टोरेजच्या अनेक डब्यांत आत सांबाच बसलेला असतो. अॅपलनेही २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून फायली वाटायची पहिली पसंती म्हणून एसएमबीच घेतली. आयफोनच्या ‘फाइल्स’ अॅपला २०१९ पासून ती बोलता येते. त्यामुळे आज आपल्या त्या घरातल्या सगळ्या मशीनना समजणारी एक भाषा आहे, आणि ती बोलणारा दुकानदार फुकट मिळतो.

मशीन कुठलं घ्यायचं?

विंडोज १० चा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बरेच जुने कॉम्प्युटर विंडोज ११ घेत नाहीत. असं मशीन भंगारात देऊ नका, त्यावर लिनक्स टाका, सर्व्हर म्हणून ते अजून काही वर्षं सहज काढेल. फायली देणं-घेणं याला फार ताकद लागत नाही. ४ जीबी रॅम भरपूर झाली.

पण लाईटबिलाचा हिशोब करा. जुना डेस्कटॉप साधारण ६० वॅट खातो असं धरू. २४ तास, ३० दिवस चालू ठेवला तर महिन्याला ४३ युनिट. जुना लॅपटॉप स्क्रीन बंद करून २० वॅटवर चालला, तर साधारण १४ युनिट. रास्पबेरी पाय नावाचं तळहाताएवढं बोर्ड येतं, ते डिस्कसकट ८ वॅट घेतंय असं धरलं तर ६ युनिटच्या आत. म्हणून घरात दोन्ही असतील तर डेस्कटॉप सोडा, लॅपटॉप घ्या.

लॅपटॉपचा दुसरा फायदा आपल्याकडे फार मोलाचा. त्याला बॅटरी असते. पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते ते तुम्हाला सांगायला नको. लिहिता लिहिता लाईट गेली की डिस्कवरची फाइल अर्धवट राहते. लॅपटॉपची बॅटरी अर्धा तास जरी तग धरून राहिली, तरी तेवढ्यात नीट बंद करता येतं. फक्त एक बघा: बॅटरी फुगलेली असेल, कीबोर्ड वर उचलला गेला असेल, तर ते मशीन लावू नका. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. आधी बदला. आणि डेस्कटॉपच लावणार असाल तर छोटा यूपीएस घ्या, राऊटरही त्याच यूपीएसवर जोडा.

सर्व्हर आणि राऊटर यांच्यामध्ये वायफाय नको, केबल टाका. राऊटरचं पोर्ट १०० एमबीपीएसचं असेल तर १ जीबीची फाइल जायला साधारण दीड मिनिट लागतं. पोर्ट आणि केबल गिगाबिटची असेल तर दहा सेकंदांच्या आसपास. स्वस्त राऊटर बहुतेक १०० वालेच असतात. फोटो आणि कागदांसाठी तेही चालतात, मोठे व्हिडिओ असतील तर फरक जाणवतो.

लावायचं कसं?

टप्प्याटप्प्याने सांगतो.

पहिलं: त्या जुन्या मशीनमध्ये कामाचं काही असेल तर बाहेर काढून घ्या. नवीन सिस्टीम टाकताना ती डिस्क पूर्ण पुसली जाते. ज्या बाहेरच्या डिस्कवर तुमचे फोटो आहेत, ती सिस्टीम टाकताना मशीनला लावूच नका. वायर काढून बाजूला ठेवा. घाईत चुकीची डिस्क निवडली गेली तर परत मिळत नाही.

दुसरं: सिस्टीम. लिनक्सच्या कमांडची भीती वाटत असेल तर ‘ओपन-मीडिया-व्हॉल्ट’ घ्या. ही डेबियन लिनक्सवर उभी आहे, फुकट आहे, आत सांबा तयारच आहे. पेनड्राइव्हवरून टाकायची. एकदा टाकली की त्या मशीनला स्क्रीन-कीबोर्ड लागत नाही. दुसऱ्या मशीनच्या किंवा मोबाईलच्या ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता टाकला की सगळी सेटिंग समोर येतात. आत शिरल्यावर पहिलं काम, आधीपासून दिलेला अॅडमिनचा पासवर्ड बदलणं.

तिसरं: पत्ता कायमचा करा. राऊटर प्रत्येक मशीनला एक आयपी पत्ता देतो, आणि राऊटर बंद-चालू झाला की तो बदलू शकतो. मग काल उघडणारं कपाट आज सापडत नाही. राऊटरच्या सेटिंगमध्ये ‘अॅड्रेस रिझर्वेशन’ असा पर्याय असतो. तिथे सर्व्हरसाठी एक पत्ता राखून ठेवा. समजा १९२.१६८.१.५०. तो कागदावर लिहून राऊटरला चिकटवा.

चौथं: डेटाची डिस्क जोडा, ती एक्स्ट-४ मध्ये फॉरमॅट करा. हो, लिनक्सचीच पद्धत. मघाशी सांगितलं तसं, डिस्क फक्त सर्व्हर वाचणार आहे, बाकीच्यांना तिचा त्रास नाही. फॉरमॅट म्हणजे ती डिस्कही पुसली जाणार, तेव्हा तिच्यावर एकुलती एक प्रत नाही ना, हे तपासा.

पाचवं: फोल्डर करा. जास्त नको, तीन पुरे. ‘फोटो’, ‘काम’, ‘कागद’. सर्व्हरवर आणि यूजरच्या नावात इंग्रजी अक्षरं ठेवलीत तर जोडताना सोपं जातं. आतल्या फायलींची नावं मराठीत ठेवली तरी चालतात.

सहावं: माणसांची नावं घाला. प्रत्येकाला वेगळा यूजर, वेगळा पासवर्ड. ‘फोटो’ सगळ्यांना वाचता-लिहिता येईल. ‘काम’ जो काम करतो त्याला लिहिता येईल, बाकीच्यांना फक्त बघता येईल. ‘कागद’ फक्त दोघांना. मग एसएमबी सेवा चालू करा, तिन्ही फोल्डर त्यात घाला, आणि ‘रिसायकल बिन’चा पर्याय टिक करा. नाहीतर नेटवर्कवरून उडवलेली फाइल कचरापेटीत जात नाही, थेट जाते.

प्रत्येक मशीनवरून उघडायचं कसं?

विंडोजवर: फाइल एक्स्प्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलटे स्लॅश आणि पुढे सर्व्हरचा पत्ता टाका, एंटर दाबा. नाव-पासवर्ड विचारेल. फोल्डरवर राइट क्लिक करून ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ केलं की ते डी ड्राइव्हसारखं कायम दिसत राहतं.

लिनक्सवर: फाइल मॅनेजरच्या पत्त्याच्या जागी एसएमबी, मग कोलन, मग दोन सरळ स्लॅश, मग पत्ता.

मॅकवर: फाइंडरमध्ये कमांड आणि के एकत्र दाबा, आणि लिनक्सवर लिहिला तोच पत्ता लिहा.

आयफोनवर: ‘फाइल्स’ अॅप, कोपऱ्यातले तीन ठिपके, ‘कनेक्ट टू सर्व्हर’.

अँड्रॉइडवर: सॅमसंगच्या ‘माय फाइल्स’मध्ये ‘नेटवर्क स्टोरेज’ असतं. गूगलच्या ‘फाइल्स’मध्ये ही सोय नाही, म्हणून बाकीच्या फोनवर ‘सीएक्स फाइल एक्स्प्लोरर’ किंवा ‘मटेरियल फाइल्स’सारखं अॅप घ्या. व्हिडिओ बघायचे असतील तर व्हीएलसी सर्व्हरवरूनच चालवतं, मोबाईलमध्ये उतरवावं लागत नाही.

मोबाईलचे फोटो रोज रात्री आपोआप सर्व्हरवर जावेत असं वाटत असेल तर ‘फोल्डरसिंक’सारखी अॅप आहेत. त्यात दिशा एकतर्फी ठेवा, मोबाईलकडून सर्व्हरकडे. दोन्ही बाजू सारख्या ठेवायचा पर्याय निवडलात, तर जागा करायला मोबाईलमधून उडवलेला फोटो सर्व्हरवरूनही उडेल. मग एवढा खटाटोप कशाला केला?

अडतं कुठे?

एक: ‘सर्व्हर दिसतो, पण आत जाऊ देत नाही.’ यात बहुतेकदा पासवर्डची भानगड असते. हाताने लिनक्स टाकून सांबा लावला असेल, तर लिनक्सचा पासवर्ड वेगळा आणि सांबाचा वेगळा असतो. दोन्ही द्यावे लागतात. ओपन-मीडिया-व्हॉल्टमध्ये ही दोन कामं एकदम होतात. आणि जुने व्हिडिओ बघून ‘पासवर्डच नको, गेस्ट ठेवू’ असं करू नका. विंडोज ११ च्या २४-एच-२ पासून गेस्टला बहुतेक ठिकाणी दारातच अडवलं जातं. ते बरंच आहे.

दोन: ‘फाइल उघडते, पण सेव्ह होत नाही.’ इथे दोन दारं आहेत. एक सांबाचं, दुसरं लिनक्सचं. सांबाने ‘लिहू द्या’ म्हटलं तरी आतल्या फोल्डरवर लिनक्सची परवानगी नसेल तर काम अडतं. ताईने टाकलेली फाइल दादाला बदलता येत नाही, ती याचमुळे. सगळ्यांना एका ग्रुपमध्ये घाला आणि फोल्डरची मालकी त्या ग्रुपला द्या.

तीन: जुन्या सल्ल्यांत ‘एसएमबी-१ चालू करा म्हणजे चालेल’ असं सांगतात. चालू करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॉम्प्युटर कुलूपबंद केले, तो याच जुन्या पद्धतीतल्या भोकातून शिरला होता. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, पण ज्यांनी अपडेट केलं नव्हतं ते सापडले.

चार: फायलींची नावं. विंडोजला नावात प्रश्नचिन्ह, कोलन, तारा, स्लॅश चालत नाही. मॅक किंवा लिनक्सवरून तसं नाव दिलं तर विंडोजवर ती फाइल विचित्र नावाने दिसते किंवा उघडतच नाही. तारीख लिहायची तर मधे आडवी रेघ घाला, आणि वर्ष आधी लिहा. म्हणजे २०२५-०६-१४. यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते.

पाच: मराठी मजकूर. फाइल उघडली आणि आत इंग्रजी अक्षरांचा काला दिसला, तर सर्व्हरला दोष देऊ नका. तो मजकूर श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला आहे, आणि तो फाँट त्या एकाच मशीनवर आहे. सर्व्हर फाइल पोचवतो, अक्षरं बदलत नाही. नवीन सगळं युनिकोडमध्ये टाइप करा, मोबाईलवर करता तसंच. जुन्याची पीडीएफ करून शेजारी ठेवा.

आता खरी गोष्ट

इथपर्यंत सगळं नीट झालं की एक भ्रम होतो. ‘चला, सगळं सर्व्हरवर आहे, आता काळजी मिटली.’ मिटली नाही. आधी फोटो चार मोबाईलमध्ये विखुरलेले होते. आता सगळ्यांचे एका डिस्कवर आले आणि जागा करायला मोबाईलमधून उडाले. म्हणजे ती एक डिस्क गेली तर सगळ्यांचं एकदम जाईल. कपाट आणि दुसरी प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि आपल्या भागात हे मी उगाच घाबरवायला बोलत नाही. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत जमीन हादरायला लागली. धुंदलवाडीच्या आसपास तर धक्क्यांमागून धक्के. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. घरांना तडे गेले, थंडीत लोक घराबाहेर, तंबूत झोपले. आता त्या रात्री घरातून बाहेर पळताना कुणी हार्ड डिस्क उचलेल का? पोरं उचलायची, म्हातारी माणसं उचलायची. डिस्क उचलायची वेळच येऊ नये, अशी सोय आधीच केलेली पाहिजे. तडा गेलेल्या भिंतीचे फोटो, पंचनाम्याची कागदं, हेसुद्धा पुढे भरपाईसाठी लागतात. तेच ढिगाऱ्याखाली राहून चालणार नाही.

धरणीकंप नको, एवढा मोठा विचार नको म्हणाल, तर वीज पडते, छप्पर गळतं, कुणाच्या तरी मशीनवर कुलूप लावणारा व्हायरस येतो आणि मॅप केलेल्या ड्राइव्हमधलं सगळं बंद करून टाकतो. सर्व्हरला कायम जोडलेली दुसरी डिस्क या व्हायरसपुढे टिकेलच असं नाही. वायर काढलेली डिस्क टिकते.

पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने एक नियम लोकांत रुजवला, तो सोपा आहे: ३-२-१. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर.

आपल्या त्या घरात हे असं बसवू. एक प्रत सर्व्हरवर. दोन बाहेरच्या डिस्क घ्या, एक घरी कपाटात वायर काढून, एक डहाणूला मावशीकडे. मावशीचा मुलगा शनिवारी येतो तेव्हा एक डिस्क घेऊन येतो, घरची डिस्क भरून तयार असते, ती घेऊन जातो. पुढच्या महिन्यात परत अदलाबदल. इंटरनेट लागलं नाही, महिन्याचं भाडं नाही, एसटीतून जाणारी एक पिशवी फक्त. धक्के दोन्ही तालुक्यांना बसतात, तेव्हा अगदी मोलाचं असेल तेवढं दादाकडे वापीला ठेवा. पेनड्राइव्हवरही मावेल.

या फिरत्या डिस्कना मात्र एक्स्ट-४ करू नका, एक्स-फॅट करा. सर्व्हर बंद पडला, आणि मावशीकडे फक्त मॅक आहे, तर ती डिस्क तिथे लावून थेट उघडता आली पाहिजे. एक्स-फॅट विंडोज, मॅक आणि आताच्या लिनक्सला, तिघांनाही वाचता येते, आणि तिला ४ जीबीची अट नाही. फक्त काढताना ‘इजेक्ट’ करून काढा, ओढून काढलीत तर फायली बिघडू शकतात. आधार, दाखले असे कागद या डिस्कवर टाकताना सेव्हन-झिपने पासवर्ड लावून टाका, कारण डिस्क प्रवासात हरवू शकते. आणि तीन महिन्यांतून एकदा त्या डिस्कवरची चार फायली उघडून बघा. न उघडून बघितलेली प्रत म्हणजे न चाखलेलं लोणचं, बुरशी आलीय का ते वेळेवरच कळतं.

बाहेरून बघायचं असेल तर?

दादा विचारणार, वापीहून माझे फोटो दिसतील का? यूट्यूबवर कुणी सांगेल, राऊटरमध्ये ४४५ नंबरचं पोर्ट उघडा. हे करू नका. हे दार रस्त्याकडे उघडं टाकलं की जगभरचे बॉट येऊन कडी वाजवायला लागतात. बाहेरून यायचंच असेल तर वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखं व्हीपीएन लावतात, त्यावर वेगळा भाग करू. तोवर दादाने सुट्टीला आल्यावर बघावं.

किल्ली कुणाकडे?

शेवटी तंत्राच्या बाहेरचं एक. अशा घरात होतं काय, जो पोरगा हे लावतो त्यालाच सगळं माहीत असतं. तो बाहेरगावी शिकायला गेला की आईला तिच्याच लेकराच्या लहानपणीचे फोटो उघडता येत नाहीत. तेव्हा अॅडमिनचा पासवर्ड एका कागदावर लिहा, पाकिटात घाला, रेशनकार्ड ठेवता त्या पेटीत ठेवा, आणि घरात निदान दोघांना सांगा. दुसरं, कुणाचं खासगी फोल्डर असेल तर ते खासगीच राहू द्या. ताईचे फोटो ताईच्या नावावर. अॅडमिन आहे म्हणून उघडून बघायचं नसतं.

या आठवड्यात एवढंच करा. मशीन कुठलं आहे ते ठरवा, आणि घरातल्या सगळ्यांना विचारा: तुझ्याकडची कुठली एक फाइल गेली तर तुला रडू येईल? प्रत्येकाची ती एक फाइल आजच दुसऱ्या जागी कॉपी करून ठेवा. सर्व्हर रविवारी लावू, पण हे आज होऊ शकतं.

लावताना कुठे अडलं तर लिहून कळवा, मशीन कुठलं आणि स्क्रीनवर नेमकं काय लिहून आलं तेवढं सांगा. नुसतं ‘चालत नाही’ म्हटलं तर मला काय कळणार? चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि लाईट जायच्या आत सेव्ह करा.